रंगमंचावर नसलेला माणूस

पॉल रोबसन यांच्या आयुष्यावरचं एकपात्री नाटक बघायला बसलं की पहिली पाच-दहा मिनिटं मन नको ते हिशेब करत राहतं. हा नट रोबसन यांच्याइतका उंच आहे का? ते सहा फूट तीन इंच होते. याचा आवाज तितका खाली उतरतो का? समोर एखादी खुर्ची, एखादं टेबल, कडेला पियानो आणि त्यावर एक वादक. बस्स. आणि गोष्ट कुणाची, तर जो गायक होता, नट होता, फुटबॉलपटू होता, वकिलीची पदवी घेतलेला होता आणि ज्याला स्वतःच्याच सरकारने आठ वर्षं पासपोर्ट नाकारला होता अशा माणसाची. एवढा ऐवज एकट्या नटाने दीड-दोन तासांत पेलायचा कसा?

मग केव्हातरी, बहुतेक वेळा चौकशी समितीच्या प्रसंगात, ध्यानात येतं की आपण हिशेब कधीच सोडून दिलाय. समोर एकच माणूस उभा आहे, पण खोली भरलेली दिसते आहे. समितीचा अध्यक्ष दिसतो, त्याच्या शेजारचा वकील दिसतो, मागे बसलेले पत्रकारसुद्धा. यातलं कुणीही नाटकात नाही. मग आले कुठून?

याचं उत्तर रोबसन यांच्याच आयुष्यात सापडतं, तेही एका टेलिफोनच्या तारेत. पण तिथवर जायच्या आधी माणसाची थोडी ओळख हवी.

या नाटकांत वडिलांना मोठी जागा असते, आणि ते रास्तच आहे. विल्यम ड्रू रोबसन नॉर्थ कॅरोलायनात गुलाम म्हणून जन्मले आणि 1860 साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, तिथून पळाले. पुढे यादवी युद्ध झालं, गुलामी कायद्याने संपली आणि हा मुलगा पेनसिल्व्हेनियातल्या लिंकन विद्यापीठात शिकून धर्मोपदेशक झाला. इथे मराठी वाचकाला थबकायला लावणारा एक योग आहे. जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ 1873 सालची. ती त्यांनी अर्पण केली अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तिथल्या भल्या माणसांना. इकडे ते पुस्तक निघत होतं तेव्हा तिकडे गुलामीतून सुटलेला विल्यम लिंकन विद्यापीठात पुस्तकं उघडून बसला होता. दोघांना एकमेकांची खबर असण्याचं काही कारण नव्हतं.

पॉल हे त्यांचं धाकटं अपत्य. जन्म 9 एप्रिल 1898, न्यू जर्सीतलं प्रिन्स्टन. आई गेली ती घरातल्या शेगडीच्या आगीत भाजून, तेव्हा पॉल सहा वर्षांचाही नव्हता. वडिलांनी पोराकडून भाषणं पाठ करून घेतली, एकेक शब्द नीट उच्चारायला लावला. पुढे जगाने ज्या उच्चारांवर जीव टाकला, त्यांची तालीम अशी घरच्या बैठकीत झाली होती.

1915 साली शिष्यवृत्ती मिळवून ते रटगर्स कॉलेजात गेले. फुटबॉलच्या संघात शिरताना पहिला मार खाल्ला तो स्वतःच्याच संघातल्या गोऱ्या पोरांचा. नाक मोडलं, हातावर खिळ्यांचे बूट पडले. तरी 1917 आणि 1918, अशी दोन्ही वर्षं देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूंच्या संघात त्यांचं नाव आलं. याचं पुढचं प्रकरण मला फार बोलकं वाटतं. रोबसन सरकारच्या मर्जीतून उतरल्यावर, 1950 साली, कॉलेज फुटबॉलचा एक जाडजूड संदर्भग्रंथ निघाला. त्यात 1918 च्या त्या संघात दहाच नावं होती. संघ अकरा जणांचा असतो. अकरावं नाव कुणाचं हे विचारायची गरजच नव्हती. ती मोकळी जागाच ते नाव सांगत होती. कॉलेज फुटबॉलच्या सन्मानगृहात त्यांना घेतलं ते थेट 1995 साली, मृत्यूनंतर एकोणीस वर्षांनी.

कोलंबिया विद्यापीठातून 1923 साली कायद्याची पदवी घेतली, एका वकिलांच्या कचेरीत नोकरीही धरली. तिथल्या लघुलेखिकेने काळ्या माणसाचा मजकूर लिहून घ्यायला नकार दिला, आणि रोबसन यांनी वकिलीला रामराम ठोकला. अमेरिकन रंगभूमीवर त्या बाईंचे नकळत मोठे उपकार आहेत.

आता एकपात्री नाटकाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची तारीख: 19 एप्रिल 1925, न्यूयॉर्कमधलं ग्रीनिच व्हिलेज थिएटर. रोबसन आणि पियानोवादक लॉरेन्स ब्राउन या दोघांनी पूर्ण मैफल केली ती फक्त कृष्णवर्णीयांच्या गाण्यांची. गुलामांच्या वस्त्यांत जन्मलेली भजनं, कामाची गाणी. तोवर ही गाणी मैफलीच्या शेवटी चवीपुरती यायची. इथे त्यांचीच मैफल होती. एक जण उभा, दुसरा पियानोवर आणि मध्ये तीनशे वर्षांचा इतिहास.

म्हणूनच रोबसन यांच्यावरचं एकपात्री नाटक हे इतर चरित्रनाटकांसारखं उसना अंगरखा घालून येत नाही. नाटककार फिलिप हेज डीन यांचं ‘पॉल रोबसन’ 1978 च्या जानेवारीत ब्रॉडवेवर आलं तेव्हा जेम्स अर्ल जोन्स रोबसन झाले होते आणि सोबत होता फक्त पियानोवादक, तोही लॉरेन्स ब्राउनच्या भूमिकेत. नायजेरियात जन्मलेले आणि लिव्हरपूलमध्ये वास्तुविशारद म्हणून काम केलेले तायो अलुको ‘कॉल मिस्टर रोबसन’ घेऊन देशोदेशी हिंडले, तेही पियानोच्या साथीने. म्हणजे नाटकाचा साचा नाटककाराने शोधून काढलेला नाही. रोबसन यांनी स्वतःच तो वर्षानुवर्षं रंगमंचावर मांडून ठेवला होता: गाणं, दोन गाण्यांच्या मध्ये बोलणं, पुन्हा गाणं. नाटककाराने फक्त मधलं बोलणं वाढवलं.

डॅनियल बीटी यांनी मात्र वेगळी वाट धरली. 2013 साली आलेल्या ‘द टॉलेस्ट ट्री इन द फॉरेस्ट’मध्ये ते एकटेच रोबसन होतात, त्यांची बायको होतात, वडील होतात, पोलीस होतात, अशी चाळीसच्या वर माणसं. लक्ष्मण देशपांड्यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मधली बावन्न पात्रं पाहिलेल्या मराठी प्रेक्षकाला यात नवल वाटणार नाही. आणि सुषमा देशपांडे यांचं ‘व्हय मी सावित्रीबाई’ पाहिलं असेल तर डीन आणि अलुको यांची रीतही ओळखीची: एकच माणूस, स्वतःच्या आयुष्याविषयी, थेट आपल्याशी बोलणारा. मला ही दुसरी रीत जास्त अवघड वाटते. दहा आवाज काढून दाखवणाऱ्या नटाला टाळ्या लवकर मिळतात. एकाच आवाजात राहून बाकीच्या नऊ जणांना प्रेक्षकांच्या डोक्यात उभं करणं हे खरं कसब.

ते कसं होतं ते चौकशी समितीच्या प्रसंगात अगदी जवळून बघता येतं. 12 जून 1956, वॉशिंग्टन. काँग्रेसच्या ‘अन-अमेरिकन’ कारवायांची चौकशी करणाऱ्या समितीपुढे रोबसन यांना बोलावलं होतं. अध्यक्ष फ्रान्सिस वॉल्टर, प्रश्न विचारणारे रिचर्ड एरन्स. निमित्त पासपोर्टचं, पण खरा सवाल एकच: तुम्ही कम्युनिस्ट पक्षाचे सभासद आहात का? रोबसन यांनी उलट विचारलं की मी मत टाकेन तेव्हा मतपेटी उघडून बघायला येणार आहात का. मग अध्यक्षांकडे वळून म्हणाले, भल्या माणसांना या देशाबाहेर ठेवणारे कायदे तुमच्याच नावाचे ना? 1952 चा स्थलांतराचा कायदा खरोखरच वॉल्टर यांच्या नावाने ओळखला जातो. वॉल्टर यांनीही फणकाऱ्याने सांगितलं की सगळ्या भल्या माणसांना नाही, तुमच्यासारख्यांना. रशिया इतका आवडतो तर तिथेच का राहिला नाहीत, या प्रश्नावर रोबसन यांनी वडील काढले: माझा बाप गुलाम होता, हा देश उभारताना माझी माणसं मेली, मी इथेच राहणार आणि यातला माझा वाटा घेणार, अशा अर्थाचं ते उत्तर होतं. शेवटी अध्यक्षांनी कामकाज तहकूब केलं, तेव्हा ते कायमचंच तहकूब करा, असा टोलाही त्यांनी हाणला.

ही जबानी सरकारी दफ्तरात शब्दशः छापलेली आहे. ती वाचताना नाटककाराचा हेवा वाटतो. त्याला संवाद लिहावेच लागले नाहीत, सरकारी लघुलेखकाने ते आधीच लिहून ठेवले होते. प्रश्न एवढाच की दुसरी बाजू रंगमंचावर आणायची कशी. ध्वनिमुद्रित आवाज सोडता येतो. नटालाच दोन्ही बाजू बोलता येतात. पण सगळ्यात परिणामकारक रीत म्हणजे प्रश्न येऊच द्यायचा नाही. नट ऐकतो. मान किंचित वर. तेवढ्यावरून आपण ठरवतो की समिती उंच चौथऱ्यावर बसली आहे. तो थांबतो, आणि तो किती थांबला त्यावरून प्रश्न लांबलचक होता की तुटक हे आपल्याला कळतं. मग उत्तरात प्रश्नातला एखादा शब्द परतून येतो आणि अख्खा प्रश्न मागाहून ऐकू येतो. यातली मेख नजरेत असते. अध्यक्षाला उजवीकडे, हातभर वर बसवलं असेल तर वीस मिनिटांनी पुन्हा नेमकं तिथेच बघायला हवं. नजर वीतभर जरी सरकली तरी अध्यक्ष विरून जातो आणि उरतो भिंतीशी बोलणारा एक माणूस.

आता ती तार.

1950 साली परराष्ट्र खात्याने रोबसन यांचा पासपोर्ट रद्द केला. देशातल्या मैफलींची दारं त्याआधीच बंद होऊ लागली होती. 1949 साली न्यूयॉर्क राज्यातल्या पीकस्किल इथे त्यांच्या मैफलीला आलेल्या लोकांवर जमावाने दगडफेक केली होती. देशात गाऊ द्यायचं नाही आणि देशाबाहेर जाऊ द्यायचं नाही, अशी दुहेरी नाकेबंदी. 1943 पासून ब्रॉडवेवर ज्यांच्या ‘ऑथेल्लो’चे 296 प्रयोग झाले (शेक्सपियरच्या नाटकाचा तिथला हा विक्रम अजून मोडलेला नाही), त्यांना आता सभागृह मिळेना.

1952 च्या सुरुवातीला कॅनडातल्या व्हँकूव्हर शहरात खाणकामगारांच्या संघटनेचं अधिवेशन होतं. अमेरिकन माणसाला कॅनडात जायला तेव्हा पासपोर्ट लागत नसे, तरी रोबसन यांना सीमेवर अडवलं. मग ते टेलिफोनवरून अधिवेशनात बोलले आणि गायले. त्याच वर्षी 18 मे रोजी संघटनेने सीमेवरच्या ‘पीस आर्च’ कमानीपाशी मैफल भरवली. ट्रक अमेरिकेच्या हद्दीत उभा, त्यावर रोबसन, आणि ध्वनिवर्धकांची तोंडं कॅनडाकडे. दोन्ही बाजूंच्या हिरवळीवर हजारो माणसं. माणसाला सीमा ओलांडायची बंदी होती. आवाजाचं काय करायचं हे कुठल्याच कायद्यात लिहिलेलं नव्हतं. पुढची तीन वर्षंही ती मैफल तिथेच भरली.

1956 च्या सप्टेंबरात अटलांटिक महासागराच्या तळाशी पहिली टेलिफोन केबल सुरू झाली, स्कॉटलंडमधल्या ओबानपासून न्यूफाउंडलंडमधल्या क्लॅरनव्हिलपर्यंत. खरं तर दोन केबल: एक जाणाऱ्या आवाजासाठी, एक येणाऱ्या. प्रत्येकीत 51 ठिकाणी आवाजाला नवा जोर देणारी उपकरणं बसवलेली, त्यांत काचेच्या व्हॉल्व्ह-नळ्या, आणि हे सगळं समुद्राच्या पोटात. त्याआधी अमेरिकेहून युरोपात बोलायचं तर रेडिओलहरींवर भिस्त असे, आणि हवामान बिघडलं की बोलणं खरखरीत बुडून जाई. आता एका वेळी 36 संभाषणं समुद्राखालून स्वच्छ जाऊ लागली.

26 मे 1957 रोजी रोबसन न्यूयॉर्कच्या एका स्टुडिओत उभे राहिले आणि लंडनमधल्या सेंट पॅन्क्रस टाउन हॉलमध्ये हजारेक माणसांनी त्यांचं गाणं ऐकलं. 5 ऑक्टोबरला वेल्समधल्या पोर्थकॉल गावी खाणकामगारांच्या सांस्कृतिक मेळाव्यात पुन्हा तेच, आणि इथे श्रोते होते पाच हजारांच्या घरात. वेल्सच्या खाणकामगारांशी त्यांचं नातं जुनं. 1929 साली लंडनच्या रस्त्यावर गात चाललेल्या बेकार खाणकामगारांच्या मोर्चात ते सहज सामील झाले, तेव्हापासूनचं. त्या खाणकामगारांच्या संघटनेचे अध्यक्ष विल पेंटर यांनी टेलिफोनवर त्यांचं स्वागत केलं. इकडून रोबसन गायले, तिकडून ट्रिऑर्की गावच्या पुरुषांच्या गायकवृंदाने गाऊन उत्तर दिलं. केबल दुहेरी होती, त्यामुळे दाद आणि गाणं दोन्ही समुद्र ओलांडून परत आले.

आता कानाची करामत बघा. रोबसन यांचा आवाज खर्जातला. असा पुरुष खालचा स्वर लावतो तेव्हा त्याच्या स्वरतंतूंची कंपनं सेकंदाला शंभराच्या आसपास, कधी त्याहूनही कमी असतात. आणि टेलिफोनची साधी वाहिनी सेकंदाला तीनशे ते चौतीसशे कंपनांमधलाच आवाज पुढे पाठवते. म्हणजे खर्जातल्या स्वराचं जे मूळ, ते तारेतून जातच नाही. तरीही फोनवर आपल्या वडिलांचा घोगरा आवाज आपल्याला घोगराच ऐकू येतो, चिरका होत नाही. कसं काय?

गळ्यातून शंभर कंपनांचा स्वर निघतो तेव्हा तो एकटा निघत नाही. त्याच्यासोबत दोनशे, तीनशे, चारशे, पाचशे कंपनांचे उपस्वर निघतात. तार पहिले दोन खाते; तीनशे, चारशे, पाचशे पलीकडे पोचतात. मेंदू त्यांच्यातलं अंतर बघतो. प्रत्येक दोघांमध्ये शंभराचं अंतर, तर मुळाशी शंभराचा स्वर असलाच पाहिजे, असं तो ठरवतो आणि आपल्याला तो स्वर ऐकवतो. कानापर्यंत न पोचलेला स्वर आपण खरोखर ऐकतो. हा कल्पनेचा खेळ नाही, श्रवणशास्त्रातली पक्की गोष्ट आहे. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरवर ढोलकीचा किंवा बास गिटारचा खालचा स्वर कळतो तोही याच बळावर.

नाटकातला अध्यक्ष दिसतो तोही असाच. नटाने मान वर केली, थांबला, कपाळावर आठी आली, उत्तरात एक उसना शब्द आला. हे झाले उपस्वर. मूळ माणूस कुठेच नाही. त्यांच्यातलं अंतर मोजून प्रेक्षक तो उभा करतो. मला तर वाटतं की एकपात्री नाटकाच्या प्रेक्षकाला शेवटी जो शीण येतो तो याच कामाचा असतो. बहुपात्री नाटकात आपण बघतो. इथे आपल्याला अर्धी तालीम करावी लागते.

आणि म्हणून रोबसन या नाटकांना इतके शोभतात. सरकारने त्यांचं शरीर अडवून ठेवलं तेव्हा आवाज शरीराशिवाय फिरला. आता शरीर आहे, नटाचं. पण रोबसन नाहीत. दोन्ही वेळा उरलेलं काम श्रोत्यांनीच करायचं.

पण नसलेल्या माणसावर हक्क कुणाचा? डीन यांचं नाटक ब्रॉडवेवर येताच हाच वाद पेटला. रोबसन यांचे चिरंजीव पॉल रोबसन ज्युनियर नाटकाच्या विरोधात उभे राहिले. ‘व्हरायटी’ या नाट्य-चित्रपट व्यवसायाच्या पत्रात निवेदन आलं. जेम्स बाल्डविन यांच्यासह 56 नामवंत कृष्णवर्णीयांच्या त्यावर सह्या होत्या. म्हणणं असं की या नाटकाने एका धगधगत्या राजकीय माणसाचा गोड, निरुपद्रवी थोर पुरुष करून टाकलाय. दुसरी बाजू म्हणत होती की नाटककाराला सनद द्यायचा अधिकार कुटुंबालाही नाही. रोबसन जाऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. जोन्स यांचा अभिनय थोर होता हे विरोधकही नाकारत नव्हते. नाटक पुढे 1979 साली दूरचित्रवाणीवरही आलं. आपल्याकडे चरित्रनाटकांवरून जे रणकंदन होतं त्याची सवय असलेल्याला हा वाद ओळखीचा वाटेल. फरक असा की इथे तक्रार बदनामीची नव्हती, अति गोडव्याची होती.

माझा कौल निवेदनवाल्यांच्या बाजूने थोडासा झुकतो, पण कारण वेगळं आहे. या नाटकप्रकाराचीच एक खोड आहे. रंगमंचावर दुसरा कुणी नसल्यामुळे नायकाला तोंडावर खोटं पाडणारं कुणी नसतं. चौकशी समितीला आपण मनातून उभं करतो, पण तिला शब्द देतो तो नायकच. रोबसन यांच्या आयुष्यात एक जागा अशी आहे जिथे त्यांना कुणीतरी अडवायला हवं होतं. 1949 च्या जूनमध्ये ते मॉस्कोत होते आणि त्यांनी आपल्या जुन्या ज्यू मित्राला, कवी इत्झिक फेफर यांना, भेटायचा आग्रह धरला. फेफर तेव्हा तुरुंगात होते. त्यांना नीटनेटके कपडे घालून हॉटेलात आणलं गेलं. मुलाने नंतर सांगितलेल्या हकिकतीनुसार, खोलीत चोरून ऐकणारी यंत्रं होती म्हणून फेफर तोंडाने हवापाण्याचं बोलत होते आणि हाताने आपलं काय होणार ते दाखवत होते. गळ्यावरून बोट फिरवून. त्यानंतरच्या मैफलीत रोबसन यांनी वॉर्सातल्या ज्यू बंडखोरांचं गाणं यिडिशमध्ये गायलं. सभागृहात धाडसच ते. पण अमेरिकेत परतल्यावर त्यांनी सोव्हिएत छळाविरुद्ध जाहीरपणे अवाक्षर काढलं नाही. फेफर यांना 1952 साली गोळ्या घातल्या गेल्या.

हा प्रसंग एकपात्री नाटकासाठीच घडला असावा असं वाटतं: तोंड एक बोलतंय, हात दुसरंच. जो नट हे करून दाखवेल, आणि त्यानंतरचं मौनही तितक्याच कडकपणे दाखवेल, त्याचं नाटक मी पुन्हा बघेन. मौन दाखवणं मात्र कठीण. शेवटची दहाएक वर्षं रोबसन फिलाडेल्फियात बहिणीच्या घरी, आजारपणात, जगापासून दूर राहिले. 1973 साली कार्नेगी हॉलमध्ये त्यांच्या पंचाहत्तरीचा सोहळा झाला, त्यालाही ते गेले नाहीत. टेपवर मुद्रित केलेला संदेश पाठवला. पुन्हा आवाज हजर, माणूस गैरहजर. 23 जानेवारी 1976 रोजी ते गेले. बोलत राहणं हाच ज्याचा जीव, त्या नाट्यप्रकाराला ही वर्षं झेपत नाहीत.

आपल्याशी त्यांचा धागा होता, आणि तो बराच घट्ट होता. 1938 साली लंडनमध्ये नेहरूंच्या स्वागताच्या सभेत रोबसन बोलले होते. विजयालक्ष्मी आणि रणजित सीताराम पंडित यांच्या मुली 1943 साली अमेरिकेत शिकायला गेल्या तेव्हा रोबसन कुटुंबाने त्यांना घरच्यासारखं वागवलं; त्यांतली एक म्हणजे लेखिका नयनतारा सहगल. न्यूयॉर्कमध्ये शिकत असताना भूपेन हजारिका त्यांना भेटले, आणि मिसिसिपीवरचं रोबसन यांचं प्रसिद्ध गाणं त्यांच्या मनात ब्रह्मपुत्रा होऊन उतरलं. हिंदीत ती गंगा झाली. 1958 साली रोबसन यांची साठी भारतात साजरी करायची ठरली तेव्हा समितीचे अध्यक्ष होते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला. अमेरिकन अधिकाऱ्यांनी हा समारंभ होऊ नये म्हणून खटपट केली. ती फळली नाही. त्याच वर्षी जूनमध्ये, चित्रकार रॉकवेल केंट यांच्या खटल्यात, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की माणसाच्या विचारांकडे बघून त्याचा पासपोर्ट अडवता येणार नाही. रोबसन यांना पासपोर्ट परत मिळाला.

मराठीत रोबसन यांच्यावरचं एकपात्री नाटक कुणीतरी करायला हवं. खर्जात गाणारे नट आपल्याकडे आहेत आणि एकट्याने रंगमंच भरून टाकायची रीत तर आपण कोळून प्यायलो आहोत. तोवर एक करा: पोर्थकॉलच्या त्या मैफलीचं ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झालेलं आहे, ते कानाला इअरफोन लावून ऐका. मग 1956 ची जबानी काढा आणि दोघांनी मिळून मोठ्याने वाचा. समितीचे प्रश्न वाचणाऱ्याने मात्र जीव तोडून वाचावेत; ती भूमिका सोपी नाही.